जुन्या गाडीतला ऑईलचा दाब आणि इंजिनाचं तापमान: मीटर तपासणं, बसवणं, वाचणं

चावी एक टप्पा फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर ऑईलच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला पाहिजे. पेटला नाही तर गाडीत ऑईलच्या दाबाची राखण करणारं कोणी नाही असं धरून चाला. बल्ब गेलेला असेल, वायर निघालेली असेल किंवा कोणीतरी ती मुद्दाम काढून ठेवली असेल. इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझतो हे सगळ्यांना माहीत असतं. आधी तो पेटतो का, हे फार थोडे जण बघतात.

जुन्या गाडीची खोच इथेच आहे. दिव्याची वायर तुटली की दिवा लागत नाही, म्हणजे "सगळं ठीक". टेम्परेचर मीटरची वायर तुटली की काटा खाली पडतो, म्हणजे "इंजिन थंड". दोन्ही ठिकाणी बिघाड झाला की गाडी चांगलीच बातमी देते. म्हणून मीटर वाचायला शिकण्याआधी मीटर तपासायला शिकायचं.

दिव्याची तपासणी, दोन मिनिटांची

ऑईल प्रेशर स्विच इंजिनाच्या ब्लॉकवर, बहुधा ऑईल फिल्टरच्या आसपास असतो. त्यावर एकच वायर येते. चावी चालू ठेवून ती वायर ओढून काढा. दिवा विझला पाहिजे. तेच टोक ब्लॉकच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा पेटला पाहिजे. वायर काढूनही दिवा तसाच पेटलेला राहिला तर ती वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झाली आहे, किंवा डॅशबोर्डमागे कोणीतरी तो दिवा चार्जिंगच्या दिव्याला जोडून ठेवला आहे. तसं केलं की दोन्ही दिवे सोबत पेटतात, सोबत विझतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. सेकंडहँड गाडी घेताना ही तपासणी केलीच पाहिजे.

स्विच ठीक असला तरी दिव्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हा स्विच साधारण ३ ते ७ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) दरम्यान उघडतो. दाब त्याच्या खाली गेल्यावरच दिवा लागतो. महामार्गावर ३००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) इंजिनाला ३०-४० पीएसआय हवा असताना तो १० वर आला, तरी दिवा शांतच राहील आणि बेअरिंग मात्र घासत राहील. मारुती ८०० सारख्या गाड्यांत कंपनीकडून फक्त हा दिवाच आला. गाडी रोज वापरायची असेल, घाट चढायचे असतील, तर आकडे दाखवणारा मीटर बसवून घेणं उत्तम.

आधी एकदा खरा दाब मोजा

कायमचा मीटर बसवण्याआधी गॅरेजमधल्या मेकॅनिकल गेजने, म्हणजे नळीतून थेट ऑईलचा दाब घेणाऱ्या गेजने, एकदा मोजून घ्या. ० ते १०० पीएसआयचा, म्हणजे साधारण ० ते ७ बारचा गेज पुरे. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलेलं असतं. ते बारच्या इतकं जवळ आहे की आपल्या कामाला फरक पडत नाही.

इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी बघा आणि पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा. खोल सॉकेटने स्विच काढा. जपानी धाटणीच्या इंजिनांवर बहुधा २४ मिमीचा लागतो. थोडं ऑईल गळेल, खाली फडकं धरा. त्या जागी गेजची नळी हाताने आटे जुळवत लावा आणि मगच पान्याने घट्ट करा. नळी पंख्याला, बेल्टला किंवा एक्झॉस्टला लागत नाही ना, हे बघून इंजिन सुरू करा.

तीन आकडे लिहून ठेवायचे. थंड इंजिन, आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता). गरम इंजिन, आयडलिंग. गरम इंजिन, २००० आरपीएम. यात "गरम" म्हणजे किमान २० मिनिटं गाडी चालवून आल्यावर. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑईलही तापलं असं नसतं. ऑईल पाण्यापेक्षा बरंच सावकाश तापतं, आणि दाबाची खरी परीक्षा ते पातळ झाल्यावरच होते. अर्धवट तापलेल्या इंजिनावर मोजलेला दाब दिलासा देतो, माहिती देत नाही.

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. मॅन्युअल नसेल तर गॅरेजचा जुना ठोकताळा वापरा: गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे निदान १० पीएसआय. थंड सुरुवातीला ५० ते ७० दिसेल, त्याने हुरळून जायचं नाही. गरम आयडलिंगला १० ते २० ठीक. तिथे ७-८ दिसले आणि २००० ला २५ च्या वर जात असेल, तर इंजिन झिजलेलं आहे पण लगेच मरणार नाही. २००० ला १५ च्या खाली असेल तर गाडी चालवू नका.

दाब कमी आला तर

"पंप बदला" हा सल्ला पहिला मिळतो. ऑईल पंप मात्र क्वचितच पहिला दोषी असतो. तपास स्वस्ताकडून महागाकडे न्यायचा.

पट्टीवरचं ऑईल बोटांत घेऊन बघा, वास घ्या. डिझेल गाडीत गळका इंजेक्टर किंवा पंपाचं सील यातून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, उतरतं, ऑईल पातळ होतं, दाब पडतो. अशा वेळी पट्टीवरची पातळी कमी न होता वाढलेली दिसते. ऑईलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी शिरलं आहे. ते दाबाचं नाही, हेड गॅसकेटचं किंवा ऑईल कूलरचं प्रकरण आहे.

मग ऑईलची ग्रेड, म्हणजे दाटपणा. जुन्या डिझेल जीपला १५डब्ल्यू-४०, कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, असं साधारण चालतं. नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० महाग असलं तरी झिजलेल्या जुन्या इंजिनात ते गरम झाल्यावर दाब पाडणार. उलटी युक्तीही बाजारात आहे. विकायच्या आधी खूप दाट ऑईल भरायचं, म्हणजे दिवा लुकलुकत नाही आणि आवाजही दबतो. म्हणून गाडी घेतल्यावर ऑईल आणि फिल्टर बदलूनच तुमचे तीन आकडे घ्या.

त्यानंतर चेंबर. गाडीखाली वाकून चेंबरला खालून पोचा पडलाय का बघा. स्पीडब्रेकरला किंवा शेताच्या वाटेवरच्या दगडाला घासून चेंबर आत दबतो आणि ऑईल ओढणाऱ्या जाळीला जाऊन भिडतो. पंप चांगला, बेअरिंग चांगलं, पण ऑईल वर यायला वाटच नाही. त्या जाळीत काळा गाळ किंवा गॅसकेट सिलिकॉनचे तुकडे अडकले तरी हेच होतं. सिलिकॉन बोटभर जाड लावणाऱ्या हातांची ही देणगी. लक्षण ठरलेलं: आयडलिंगला दाब बरा, रेस दिली की वाढायच्या ऐवजी पडतो.

रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, कचरा अडकून उघडा राहिला तर दाब थंडीतही वर जात नाही. तो बंद अडकला तर थंड इंजिनावर ८०-९० च्या पुढे जातो आणि फिल्टरचं सील फाटू शकतं. हे सगळं निर्दोष निघालं तर मग क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगं. ती झिजली की फट वाढते, ऑईल फटीतून सांडतं आणि पंप कितीही ढकलो, दाब उभा राहत नाही.

कायमचा मीटर बसवताना

मेकॅनिकल मीटर अचूक असतो, त्याला वीज लागत नाही. पण गरम ऑईलची नळी केबिनमध्ये येते. प्लॅस्टिकची नळी एक्झॉस्टजवळ वितळली किंवा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यावर घासून कापली गेली, तर ऑईल पायांवर आणि गरम इंजिनावर उडतं. लावायचाच असेल तर तांब्याची नळी घ्या, इंजिनाजवळ तिची दोन वेटोळी करा म्हणजे इंजिनाच्या थरथरीने ती तुटणार नाही, आणि पत्र्यातून नेताना रबरी ग्रोमेट घाला. नवख्याला मात्र इलेक्ट्रिक मीटरच बरा.

इलेक्ट्रिक मीटरचा सेंडर म्हणजे दाबाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. इथे मोठी चूक होते ती जोडीची. एका पद्धतीत शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम असतात. दुसऱ्या पद्धतीत शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला सुमारे ३३. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर काटा हलेल, आत्मविश्वासाने हलेल, आणि सपशेल चुकीचं दाखवेल. मीटर आणि सेंडर एकाच डब्यातले घ्या. सुटा सेंडर घेताना मल्टिमीटरने ओहम मोजून घ्या. पहिल्या पद्धतीत वायर तुटली की काटा वरच्या टोकाला चिकटतो. चांगला दाब म्हणून खूश होण्याआधी हे आठवावं.

दुसरी चूक आट्यांची. जपानी धाटणीच्या इंजिनांवर बहुधा १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचे) निमुळते आटे असतात, इंचाला २८. अमेरिकी सेंडरला १/८ एनपीटी, इंचाला २७. दोन-तीन वेढे दोन्ही एकमेकांत छान जातात, मग अडकतात. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमच्या घरातले आटे गेले, किंवा घरच तडकलं. युरोपी सेंडर बरेचदा एम१०×१ चा, सरळ आट्यांचा असतो. त्याला तांब्याचं वायसर लागतं. शंका असेल तर जुना स्विच आणि नवा सेंडर दोन्ही लेथवाल्याकडे न्या आणि पितळी ॲडॅप्टर करून घ्या.

जुना दिव्याचा स्विच काढून टाकू नका. टी-जॉइंट लावून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवा. पण टी थेट ब्लॉकवर लावून तिला डबीएवढा जड सेंडर लटकवला, तर डिझेल इंजिनाच्या थरथरीने पितळी मान काही महिन्यांत तुटते. मान तुटली की चेंबरमधलं ऑईल बघता बघता रस्त्यावर. यावर उपाय म्हणजे ब्लॉकपासून जाळीदार वेष्टणाची, दाब सहन करणारी छोटी होज घ्यायची आणि टी फायरवॉलवर क्लॅम्पने बसवायची. अशा वेळी टीला ब्लॉककडून अर्थिंग मिळत नाही, म्हणून तिला वेगळी अर्थ वायर द्या.

अर्थिंगचाच आणखी एक सापळा म्हणजे टेफ्लॉन टेप. एका वायरीचा सेंडर आट्यांमधूनच अर्थ होतो. त्यावर टेपचे पाच-सहा वेढे मारले की अर्थ अर्धवट होतो आणि काटा नाचतो. गळती थांबवायला आट्यांच्या मधल्या भागावर थोडं लिक्विड थ्रेड सीलंट पुरतं. बसवल्यावर सेंडरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आत हवा.

मीटरमागे चार जोडण्या असतात: इग्निशनचं प्लस, अर्थ, सेंडर आणि दिव्याचं प्लस. प्लसच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज घाला. इग्निशनऐवजी थेट बॅटरीवरून प्लस घेतलं तर चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते.

आता तापमान

कंपनीचा टेम्परेचर मीटर बहुतेक जुन्या गाड्यांत असतो. सेंडरची वायर काढली की काटा थंडकडे पडतो, वायर क्षणभर अर्थला टेकवली की गरमकडे धावतो. तसं झालं तर मीटर आणि वायरिंग ठीक, संशय सेंडरवर. वायर टेकवून ठेवायची नाही, एक-दोन सेकंदांत काढायची. पेट्रोलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवत असतील, तर डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही काटे त्या एकाच डबीवर चालतात.

सेंडरची परीक्षा स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी उकळा. सेंडरला एक वायर, त्याच्या बॉडीला दुसरी, मल्टिमीटर ओहमवर. तापमान वाढेल तसा रेझिस्टन्स उतरत गेला पाहिजे, मध्ये उडी नको. ४०, ६०, ८० आणि उकळताना असे चार आकडे थर्मामीटरसोबत लिहा. उकळणारं पाणी सगळीकडे १०० अंशांचं नसतं. मुंबईत १००, पुण्यात साधारण ९८, महाबळेश्वरला ९५ च्या थोडं वर.

हाच हिशोब रेडिएटरच्या झाकणालाही लागू आहे. ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटरचं चांगलं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग गेली की ती सवलत संपते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना इंजिन सगळ्यात जास्त तापतं, आणि वर जावं तसं पाणी कमी तापमानाला उकळतं. घाटात उकळणाऱ्या गाडीचं रेडिएटर खोलून काढण्याआधी झाकण बदलून बघा.

नवा मीटर बसवत असाल तर सेंडर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) इंजिनाकडच्या बाजूला, शक्यतो हेडमध्ये हवा. वरच्या होजमध्ये ॲडॅप्टर घालून सेंडर बसवणं सोपं असतं, पण थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे गरम पाणी पोचतच नाही, आणि थर्मोस्टॅट बंद अडकला तर इंजिन उकळत असताना मीटर ४५ अंश दाखवेल. शिवाय दोन्ही बाजूंना रबर असल्याने त्या ॲडॅप्टरला वेगळी अर्थ वायर लागते.

सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी गेलं की तो वाफेत किंवा हवेत लोंबतो आणि काटा खाली येऊ लागतो. चढावर ९८ वर असलेला काटा काहीही कारण नसताना भराभर ७० वर आला, तर ती सुटका नाही. लगेच थांबा.

गॅरेजमध्ये गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट, म्हणजे तिथल्या भाषेत "वॉल", काढून फेकायची पद्धत आहे. तो परत बसवा. त्याशिवाय इंजिन सपाट रस्त्यावर पुरेसं तापत नाही, मायलेज घटतं, ऑईलमधला ओलावा उडून जात नाही. काही इंजिनांत तर बायपास कायम उघडा राहून गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. ८२ अंश कोरलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा. ८२ च्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना त्यातलं छोटं हलतं भोक वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा निघून जाते.

पाणी भरताना बोअरचं नको. त्यातल्या क्षारांचा थर सेंडरवर आणि हेडच्या वाटांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं-निम्मं घ्या. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही. गाडीचं नाक चढावर करा, हीटर उघडा, झाकण उघडं ठेवून आयडलिंगला थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा, पातळी खाली जाईल तसं भरत जा. आत राहिलेला हवेचा बुडबुडा सेंडरजवळ अडकला तर काटा उड्या मारतो.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळा घेता येतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खूप कमी दाखवतो. मोजायच्या जागी मॅट काळी टेप चिकटवा आणि त्यावर मोजा.

चालवताना

सपाटीला ८२ ते ९२ अंश, भर दुपारी लांब चढावर ९८-१०० पर्यंत, उतारावर परत खाली. ही साधारण चाल. तुमच्या गाडीची नेमकी चाल पहिल्या महिन्यात वहीत उतरवा: रोजचा रस्ता, वेळ, एसी चालू की बंद, दाब, तापमान. एकाच ठिकाणचा आकडा आठवड्यामागून आठवडा पाच-सहा अंशांनी सरकत असेल, तर रेडिएटरच्या जाळीत चिखल भरतोय किंवा बेल्ट सैल झालाय. बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिमी दबावा. जाळी धुताना पाणी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने मारा.

दोन्ही काटे एकमेकांच्या साथीने वाचायचे. तापमान वर आणि दाब थोडा खाली, हे नैसर्गिक. तापमान जागेवर आणि दाब खाली, हे ऑईलचं दुखणं. वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला दाब झटकन पडून परत आला, तर चेंबरमध्ये ऑईल कमी आहे आणि जाळी हवा ओढते आहे.

घाटात काटा १०० च्या पुढे सरकू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खालचा गिअर. खालच्या गिअरमध्ये पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतात. १०५ ला बाजूला घ्या. पाणी सांडत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, हलकी रेस देऊन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, म्हणजे उष्णता फिरत्या पाण्यासोबत निघून जाईल. वाफ किंवा गळती दिसत असेल तर मात्र तत्काळ बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. नंतर जाड फडकं धरून आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. तापलेल्या इंजिनात बाटलीतलं गार पाणी ओतलं की हेड तडकतं.

ऑईलचा दिवा लागला किंवा दाब शून्याकडे गेला, तर वेगळा नियम. क्लच, इंजिन बंद, गडगडत कडेला. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हा विचार क्रँकच्या ग्राइंडिंगला घेऊन जातो. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, त्याची तयारी ठेवा, आणि चावी स्टिअरिंगचं कुलूप लागेपर्यंत मागे फिरवू नका.

नजर रस्त्यावर असते, म्हणून बझर

१२ व्होल्टचा एक बझर दोन्ही कामांना पुरतो. बझरचं प्लस इग्निशनला. मायनसकडून दोन फाटे काढा, एक ऑईल स्विचच्या वायरीला, दुसरा हेडवर बसवलेल्या १०५ अंशांना अर्थ जोडणाऱ्या थर्मल स्विचला. प्रत्येक फाट्यात १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला, पांढऱ्या पट्टीचं टोक स्विचकडे. डायोड नसतील तर गरम झालेलं इंजिन ऑईलचाही दिवा पेटवेल आणि घाबरून तुम्ही चुकीचा उपाय कराल. चावी फिरवल्यावर बझर वाजतो आणि इंजिन सुरू होताच थांबतो, म्हणजे ऑईलकडची बाजू रोज आपोआप तपासली जाते. तापमानाच्या बाजूची तपासणी महिन्यातून एकदा स्वतः करायची: थर्मल स्विचची वायर काढा, इंजिन चालू असताना अर्थला टेकवा, बझर वाजला पाहिजे.